थांबायचं कुणी, पानानं की स्क्रिप्टनं?

साधारण २००४ ते २०१० या काळात मराठी संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांना एक अनुभव हमखास यायचा. मनोगत, मायबोली, मिसळपाव, उपक्रम अशा ठिकाणी लिहायच्या चौकटीत रोमन कळा दाबल्या की अक्षरं देवनागरीत उमटत. वेगळा फाँट नको, वेगळा कीबोर्ड नको. पण पान उघडल्या उघडल्या घाईनं लिहायला घेतलं, की पहिली चार-सहा अक्षरं रोमनच पडायची आणि मधूनच देवनागरी सुरू व्हायची. अक्षरं बदलण्याचं काम संगणक करत नव्हता आणि ब्राउझरही करत नव्हता. ते काम पानामागोमाग येणारी जावास्क्रिप्टची एक फाइल करत होती. 'गमभन' हे अशा सोयींमधलं सगळ्यात ओळखीचं नाव. ती फाइल उतरून चालू होईपर्यंत चौकट नुसती चौकट असायची.

उलट बाजूही होती. तीच फाइल पानाच्या अगदी वरती टाकली, तर ती पूर्ण उतरेपर्यंत पान पांढरंफटक. ५६ केबीपीएसचा मोडेम कागदावर सेकंदाला ७ केबी देतो. म्हणजे ४० केबीची फाइल असेल तर सहा सेकंद नुसतं बघत बसायचं, तेही मोडेम कागदावरच्या वेगानं चालला तर. ज्याला लिहायचंच नाही, फक्त वाचायचं आहे, त्यानंही हे सहा सेकंद का मोजावेत? बाहेरच्या स्क्रिप्ट ब्राउझरनं कशा आणाव्यात आणि कधी चालवाव्यात, या तीस वर्षांच्या वादाचा गाभा एवढाच आहे: थांबायचं कुणी?

या गोष्टीत मुंबईच्या उपनगरांचा वाटा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलेले आणि पुढे जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीशी, म्हणजे एनसीएसटीशी, जोडले गेलेले हे सुलेखनकार. मंगलमुळे अक्षरं दिसायची सोय यंत्रातच झाली, पण ती टंकायची सोय बहुतेकांकडे नव्हती. ती उणीव स्क्रिप्टनं भरून काढली. एनसीएसटीचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा परदेशाशी दुवा १९८० च्या दशकाअखेरीस इथूनच जोडला गेला, ९.६ केबीपीएस वेगाचा. आज एखाद्या बातमीच्या पानाबरोबर येणारी एक एमबी स्क्रिप्ट त्या तारेवरून आणायला चौदा मिनिटं लागली असती. अर्थात तेव्हा स्क्रिप्टही नव्हती आणि बातमीचं पानही नव्हतं. विदेश संचार निगमनं सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला होता.

सुरुवातीला स्क्रिप्ट पानाच्या मजकुरातच लिहिलेली असे. १९९६ च्या नेटस्केप ३ मध्ये ती वेगळ्या फाइलीत ठेवून पानातून नुसता पत्ता द्यायची सोय आली. फायदा उघड होता. शंभर पानांसाठी एकच फाइल, आणि एकदा उतरली की ब्राउझरच्या साठ्यात राहते. तोटा मात्र त्या आधीच्याच एका निर्णयातून आला. जावास्क्रिप्टला 'डॉक्युमेंट डॉट राइट' नावाचा हक्क दिलेला होता. पान वाचलं जात असतानाच स्क्रिप्ट त्यात मधेच नवा मजकूर घुसवू शकते, असा तो हक्क. ब्राउझर पान वरून खाली वाचत रचना उभी करत जातो. वाटेत बाहेरच्या स्क्रिप्टचा पत्ता देणारा टॅग लागला की पुढचं वाचण्यात अर्थ उरत नाही, कारण ती स्क्रिप्ट पुढचं सगळं बदलू शकते. एखादा अर्धवट टॅग लिहून पानाचा उरलेला भाग टिप्पणी म्हणून गायबही करू शकते. म्हणून थांबायचं, फाइल आणायची, चालवायची आणि मग पुढे वाचायचं. हा नियम आजही तसाच आहे. टॅगवर काहीही न लिहिता बाहेरची स्क्रिप्ट जोडली, तर २०२५ चा ब्राउझरही १९९६ सारखाच थांबतो.

यात स्टाइलशीटचंही एक झेंगट आहे, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. स्क्रिप्टच्या आधी रंगरूपाची सीएसएस फाइल जोडलेली असेल, तर ती उतरून लागू झाल्याशिवाय स्क्रिप्ट चालवली जात नाही. स्क्रिप्टनं एखाद्या चौकटीची रुंदी विचारलीच, तर उत्तर खरं मिळायला हवं. म्हणजे पान स्क्रिप्टसाठी थांबलेलं आणि स्क्रिप्ट सीएसएससाठी. 'स्क्रिप्ट हळू आहे' म्हणून ओरड होते तेव्हा खरा गुन्हेगार बऱ्याचदा वरची सीएसएस असते.

पहिला तोडगा मायक्रोसॉफ्टनं काढला. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये 'डीफर' हा शब्द टॅगवर लिहायची सोय झाली: ही स्क्रिप्ट आणायला घे, पण पान वाचून झाल्यावर चालव. एचटीएमएल ४ च्या प्रमाणात तो आलाही. पण फायरफॉक्सनं तो स्वीकारायला २००९ साल, म्हणजे ३.५ ही आवृत्ती उजाडली. तब्बल बारा वर्षं शहाणा उपाय कागदावर होता आणि त्याच्यावर विसंबता येत नव्हतं. प्रमाणग्रंथात लिहिलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी ही बारा वर्षं लक्षात ठेवावीत.

दरम्यान लोकांनी जुगाड केला. याहूत काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांच्या २००७ च्या पुस्तकानं एक सल्ला जगभर पोचवला: स्क्रिप्ट पानाच्या तळाशी टाका. सल्ला अचूक होता, कारण त्या काळचे ब्राउझर स्क्रिप्ट उतरत असताना चित्रंसुद्धा आणत नसत, सगळंच ठप्प. अंधेरी-सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत ज्यांनी त्या दशकात वेबचं काम केलं, त्यांच्या हाताला हे वळण लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. आता गरज नसतानाही टॅग तळाशीच जातात.

ती गरज कमी व्हायला लागली ती २००८-०९ च्या सुमारास आलेल्या एका बदलामुळे. मुख्य वाचन स्क्रिप्टपाशी अडलं तरी ब्राउझरचा एक हलका वाचक पुढे पळत जातो आणि पानात पुढे कोणकोणत्या फाइली लागणार आहेत ते टिपून त्या मागवायला सुरुवात करतो. इंटरनेट एक्सप्लोरर ८, सफारी ४, फायरफॉक्स ३.५ आणि क्रोम २ यांनी स्क्रिप्ट एकाच वेळी उतरवायला आणि तरीही क्रमानंच चालवायला सुरुवात केली, ती याच सुमारास. पानं जलद उघडण्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी माझ्या मते हीच, आणि तिच्यासाठी संकेतस्थळवाल्यांना एक ओळही बदलावी लागली नाही. या वाचकाची मर्यादा एवढीच, की त्याला फक्त पानात लिहिलेलं दिसतं. एका स्क्रिप्टनं चालता चालता दुसरी स्क्रिप्ट जोडली, तर तिचा पत्ता त्याला आधी कळणं शक्य नाही. त्याच सुमारास लॅबजेएस, रिक्वायरजेएस अशा 'स्क्रिप्ट आणणाऱ्या स्क्रिप्ट' निघाल्या. त्यांनी जुन्या ब्राउझरांवर खरंच उपकार केले, पण नव्या ब्राउझरांच्या या हुशारीला त्यांनीच पट्टी बांधली.

मग 'असिंक' आलं. फायरफॉक्स ३.६ मध्ये जानेवारी २०१० ला, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दहाव्या आवृत्तीत २०१२ ला. डीफर आणि असिंक यांतला फरक मुलाखतीत विचारायचा ठरलेला प्रश्न झाला आहे आणि त्याची ठरलेली उत्तरं पाठ केली जातात. डीफर म्हणजे पंगत: पानं मांडून झाल्याशिवाय वाढप नाही, आणि वाढायचं ते क्रमानं. असिंक म्हणजे बुफे: ज्याची थाळी आधी भरली तो आधी जेवायला बसला, मागच्याचं काय ते त्याचं तो बघेल. दोन्हींत उतरण्याचं काम पान न अडवता चालतं. डीफरच्या स्क्रिप्ट पान वाचून संपल्यावर, लिहिलेल्या क्रमानं चालतात. असिंकची स्क्रिप्ट उतरली त्या क्षणी चालते, मग पान अर्धं वाचलेलं असो की पूर्ण. आणि स्क्रिप्टनं जोडलेली स्क्रिप्ट कुणी सांगितलं नसतानाही असिंकसारखीच वागते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

बुफेची गंमत कुठे फसते ते जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट संचाच्या काळात रोज दिसे. आधी जेक्वेरी, मग तिच्यावर अवलंबून असलेला चित्रांचा सरकपट. दोन्हींना असिंक लावलं. ऑफिसच्या तगड्या लाइनवर दोन्ही फाइली मागवल्या त्याच क्रमानं यायच्या आणि सगळं सुरळीत. ग्राहकाच्या घरी लहान फाइल आधी पोचायची, जेक्वेरी नंतर, आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरांत 'डॉलर इज नॉट डिफाइंड', म्हणजे जेक्वेरी सापडतच नाही. 'आमच्याकडे तर चालतंय' या वाक्याचा अर्धा इतिहास या क्रमाच्या जुगारात आहे. उरलेला अर्धा ब्राउझरांच्या फरकात. त्या फरकावर मुंबईतून एक अख्खा धंदा उभा राहिला: पवईच्या आयआयटीतून शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ब्राउझरस्टॅक. आपलं पान शेकडो ब्राउझरांत आणि खऱ्या फोनांवर कसं वागतं, ते आपल्या टेबलावरून तपासायची सोय ही कंपनी विकते. २०२१ मध्ये तिचं मूल्य चार अब्ज डॉलर धरलं गेलं. वेबचं प्रमाण सगळ्यांनी सारखं पाळलं असतं, तर या कंपनीला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

पुढची पायरी मॉड्यूलची. २०१५ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात एका फाइलीनं दुसरीतला भाग रीतसर मागवायची सोय आली. ब्राउझरांत ती सफारी १०.१ मध्ये मार्च २०१७ ला, क्रोम ६१ मध्ये त्याच सप्टेंबरला आणि फायरफॉक्स ६० मध्ये मे २०१८ ला पोचली. मॉड्यूल मुळातच डीफरसारखं वागतं, आणि १९९७ चा शहाणपणा असा अखेर न सांगता लागू झाला. पण जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमधल्या कायओएस या प्रणालीचा पाया फायरफॉक्स ४८ च्या काळातला होता. त्याला मॉड्यूल कळत नव्हतं. अशांसाठी 'नोमॉड्यूल' लिहून जुन्या धाटणीची वेगळी फाइल द्यावी लागे. ज्या कंपन्यांनी दिली नाही, त्यांच्या लेखी लाखो ग्राहक नव्हतेच.

मॉड्यूलमध्ये अंतराचा हिशेबही मोठा होतो. पहिली फाइल उतरल्यावर तिच्यात दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. अशा चार पायऱ्या असतील तर चार फेऱ्या. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद लागतात. चार पायऱ्यांचे ८०० नुसते प्रवासात गेले. या प्रवासात वेग वाढवून फारसं काही मिळत नाही, काचेच्या तारेतला प्रकाश जेवढा धावतो तेवढाच धावणार. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबली लागतात, तिथून लाटा बघताना या मर्यादेची कल्पना येत नाही. म्हणून फाइलच जवळ आणायची. चांदिवलीची मोठी डेटा सेंटर, २०१६ मध्ये सुरू झालेला ॲमेझॉनचा मुंबई विभाग, जगभर प्रती ठेवणारी सीडीएनची जाळी, यांमुळे तीच फाइल घाटकोपर-मुलुंडच्या फोनला हाकेच्या अंतरावरून मिळू शकते. 'शकते' म्हणतो, कारण बाहेरून जोडलेली प्रत्येक स्क्रिप्ट अशी ठेवलेली असतेच असं नाही. आणि पत्ता नवा असेल तर आधी नाव शोधा, मग जोडणी करा, मग सांकेतिक हस्तांदोलन, मग फाइल मागा. दूरच्या सर्व्हरशी यात तीन-चार फेऱ्या जातात, तोवर स्क्रिप्टचा पहिला बाइटही आलेला नसतो.

एके काळी म्हणत, की जेक्वेरी गूगलच्या सर्व्हरवरून घ्या, सगळेच घेतात, वाचकाच्या साठ्यात ती आधीच असेल. हा युक्तिवाद मेला. एका संकेतस्थळानं आणलेली फाइल साठ्यात आहे की नाही यावरून वाचक आधी कुठे जाऊन आला हे ताडता येतं, म्हणून सफारीनं २०१३ पासून, क्रोमनं २०२० च्या ८६ व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सनं २०२१ च्या ८५ व्या आवृत्तीपासून प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा केला. सामायिक फाइलीचा फायदा गेला, धोका तेवढा राहिला. धोका किती, ते जून २०२४ मध्ये दिसलं. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी पॉलिफिल डॉट आयओ ही लोकप्रिय सेवा त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली होती, आणि तिच्यावरून येणाऱ्या स्क्रिप्टमधून मोबाइलवरच्या वाचकांना भलत्याच ठिकाणी नेलं जाऊ लागलं. लाखाहून अधिक संकेतस्थळांत ती जोडलेली होती. बाहेरच्या फाइलीचा ठसा टॅगवर लिहून ठेवायचा आणि फाइल बदललेली असेल तर ब्राउझरनं ती चालवायचीच नाही, ही सोय २०१६ पासून प्रमाणात आहे. पॉलिफिलला मात्र ती लावता येत नव्हती, कारण ती सेवा प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल देई.

मराठी टंकनालाही परावलंबनाचा हा अनुभव आधीच येऊन गेला होता. गूगलनं लिप्यंतराची सोय इतर संकेतस्थळांना स्क्रिप्टच्या रूपात वापरू दिली होती. मे २०११ मध्ये तिला निवृत्तीच्या यादीत टाकलं. मराठी विकिपीडियानं बरा रस्ता धरला. टंकनाची सोय त्यांच्याच व्यवस्थेचा भाग होती, आणि २०११ मध्ये आलेल्या रिसोर्सलोडर या यंत्रणेमुळे अनेक लहान स्क्रिप्ट एकत्र बांधून, पान न अडवता येऊ लागल्या. पुढे फोनच्या कीबोर्डमध्येच देवनागरी आली आणि हा प्रश्न पानातून बाहेर पडला.

अडवणारी स्क्रिप्ट सगळ्यात वाईट वागते ती नेटवर्क मधेच तुटलं तर. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकांत मोबाइलला रेंज नसल्याच्या तक्रारी झाल्या. सीप्झला पान उघडायला घ्यावं आणि जमिनीखाली शिरावं. बातमीचा मजकूर फोनमध्ये येऊन पडलेला असतो, पण वरती एका जाहिरात कंपनीची साधी, टॅगवर काही न लिहिलेली स्क्रिप्ट लटकलेली असते. ब्राउझर ती येण्याची वाट बघतो, जोडणी मेली असं ठरेपर्यंत. वाचकाला पांढरा पडदा. टॅगवर असिंक हा एक शब्द असता, तर बातमी वाचता आली असती. क्रोमनं याचा धसका आधीच घेतला होता. २०१६ मधल्या ५५ व्या आवृत्तीपासून टूजीवरच्या वाचकासाठी, डॉक्युमेंट डॉट राइटनं घुसवलेली परक्या सर्व्हरची स्क्रिप्ट न आणण्याची मुभा त्यानं स्वतःला घेतली. जुनी पानं मोडली तरी चालतील, असा निर्णय ब्राउझर सहसा घेत नाहीत. ऑपेरा मिनीनं तर स्क्रिप्ट आपल्याच सर्व्हरवर काही सेकंदांपुरती चालवून फोनला तयार पान पाठवायची वाट धरली होती, आणि स्वस्त फोनांवर ती वर्षानुवर्षं चालली.

आता आणण्याचा भाग बऱ्यापैकी सुटला आहे. चालवण्याचा सुटलेला नाही. स्क्रिप्ट उतरली की ती वाचायची, यंत्राला कळेल अशी करायची आणि चालवायची. २००८ पासूनच्या व्ही८ सारख्या जावास्क्रिप्ट इंजिनांनी यात कमाल केली: उतरता उतरताच वाचायला घ्यायचं, न लागणारे भाग वरवर चाळून ठेवायचे, दुसऱ्या भेटीसाठी तयार रूप जपून ठेवायचं. तरी पानाची मांडणी, बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद आणि स्क्रिप्ट, तिन्ही कामं एकाच मुख्य धाग्यावर. एक चालू असताना दुसरं थांबतं. मथळा दिसतो, बोट लावलं तर काहीच होत नाही, दुसऱ्यांदा लावेपर्यंत जाहिरात सरकून बोटाखाली येते. हे नेटवर्कचं काम नाही. महागड्या लॅपटॉपवर एका चुटकीत चालणारी स्क्रिप्ट स्वस्त अँड्रॉइडवर कितीतरी पट वेळ घेते, आणि डीफर-असिंक तिथे काही करू शकत नाहीत. ते फक्त कधी चालवायचं ते सांगतात, किती वेळ ते नाही. मार्च २०२४ पासून गूगलनं स्पर्शानंतर पान किती वेळात हलतं हे मोजमाप मुख्य निकषांत घेतलं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक.

यावर तांत्रिक उपाय आहेत. जड काम मुख्य धाग्याबाहेरच्या वेगळ्या वर्करवर टाका, तुकडे करा, लागेल तेव्हाच आणा. पण बातमीच्या किंवा दुकानाच्या पानावर सगळ्यात जड असतं ते बहुधा संकेतस्थळाचं स्वतःचं नसतंच. मोजणी, जाहिरातींचा लिलाव, सूचना, व्हिडिओ, गप्पांची खिडकी, आणि त्या प्रत्येकीनं आणलेल्या आणखी चार. गूगलनं २०१२ मध्ये टॅग मॅनेजर आणल्यापासून या स्क्रिप्ट जोडायला प्रोग्रामर लागत नाही; मार्केटिंगमधल्या माणसाला एका खिडकीतून त्या टाकता येतात. मोहीम संपते, स्क्रिप्ट राहते. ती काढायची कुणी, त्यासाठी सही कुणाची लागते, हे बहुतेक कार्यालयांत ठरलेलंच नसतं.